सायकलीच्या चाकापासून यंत्रनगरीपर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन शेजारी तालुके. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंड तालुक्यात कुरकुंभची. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता या दोन तालुक्यांना जोडतो. उसाच्या हंगामात अशा रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि डांबराची जी अवस्था होते, ती सायकलस्वाराला सर्वांत आधी कळते. सायकल विजेवर चालणारी असेल तर हा हादरा अधिकच महागात पडतो. अशा सायकलीची मोटार बहुधा मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्येच बसवलेली असते. चार-पाच किलोंचे हे वजन, त्यात मोटारीचा जोर आणि खड्ड्यांचे आघात हे सारे चाकातल्या बारीक तारांना, म्हणजे स्पोकना, सोसावे लागते. एक स्पोक तुटतो, आठवडाभरात दुसरा तुटतो आणि चाक आऊट होऊन ब्रेकला घासू लागते.

मोटार ठणठणीत असते, बॅटरी ठीक असते. फक्त चाक नव्याने बांधायचे असते. तरीही पुष्कळदा ग्राहकाला पूर्ण चाकच बदलण्याचा सल्ला मिळतो आणि नवे चाक बाहेरून मागवले जाते. ज्या दुकानात जुन्या सायकलीचे चाक तासाभरात सरळ होत असे, तेथेच हे चाक परक्याचे वाटू लागते. आयात केलेले यंत्र विकणे, ते दुरुस्त करणे आणि तसे यंत्र स्वतः घडवणे या तीन पायऱ्या आहेत. त्यांपैकी पहिल्या पायरीवर थांबायचे की पुढे जायचे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावातील एका सायकलीच्या दुकानाने तो सोडवला होता. त्या दुकानाचे कर्ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर होत.

रंग हरवले, रेषा सापडली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. विद्येची परंपरा असलेल्या अशा घरातील मुलाने वकिली किंवा सरकारी नोकरी धरावी, अशी त्या काळाची रीत होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे हे त्यांचे दोन छंद. त्यांतील पहिल्या छंदापायी ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षे चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर त्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नसल्याचे लक्षात आले. दृष्टीतच हा दोष असल्याने चित्रकार होण्याची वाट तेथेच बंद झाली. विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुणाला हा मोठाच धक्का होता. परंतु यंत्रांची रेखाटने करण्यासाठी रंगांची गरज लागत नाही. लागतो तो मापांचा अचूकपणा. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास पुढे चालू ठेवला आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत त्या विषयाचे सहायक शिक्षक म्हणून काम मिळवले. ही संस्था तेव्हा नुकतीच, १८८७ मध्ये स्थापन झाली होती. वर्ग संपल्यावर ते संस्थेच्या कार्यशाळेत जात. यंत्रे उघडणे, त्यांचे भाग पाहणे, पुन्हा जोडणे हे तेथे त्यांनी हाताने शिकून घेतले. कागदावरची रेघ आणि लोखंडातला भाग यांचे नाते त्यांना समजले ते याच काळात.

बेळगावातील सायकली

मुंबईत त्या वेळी सायकल ही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव स्वतः सायकल शिकले आणि या वाहनाला मुंबईबाहेरही गिऱ्हाईक मिळेल, हे त्यांनी ओळखले. बेळगावात असलेले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांच्याकडे ते मुंबईहून सायकली पाठवू लागले. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते. एका सायकलीला तेव्हा ७०० ते १,००० रुपये पडत. ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडची असल्याने गिऱ्हाईक मोजकेच, पण पैसेवाले असे. सायकल विकली की ती चालवायलाही शिकवावी लागे, आणि त्या शिकवणीचे पैसे वेगळे मिळत.

या व्यवसायाची खरी शाळा दुरुस्तीत होती. सायकलीच्या चाकाची रचना दिसते तितकी साधी नसते. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे वजन पेलतात. गाडीचा भार ज्या आऱ्यावर येतो तो दाबला जातो. सायकलीचा स्पोक इतका बारीक असतो, की दाबल्यास तो वाकेल. म्हणून तो ताणून बसवतात. सगळे स्पोक ओढलेल्या तारांसारखे तणावात राहतात आणि त्यांच्या एकत्र ओढीने रिम गोल राहते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये स्पोक हबपासून सरळ बाहेर न नेता तिरपे, एकमेकांना छेदून बसवण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे हबला दिलेला पीळ रिमपर्यंत नीट पोहोचू लागला. पुढे १८८५ मध्ये त्यांच्याच पुतण्याने, जॉन केम्प स्टार्ली यांनी, दोन सारख्या चाकांची साखळीची सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. जगात आजच्या सायकलीचा साचा तयार होत होता, त्याच वर्षांत ती बेळगावात पोहोचत होती.

अशा वाहनाचा सुटा भाग साता समुद्रापलीकडून यायचा म्हणजे महिन्यांचा हिशेब. तो येईपर्यंत गिऱ्हाईक थांबणार नाही, हे कोणत्याही दुकानदाराला कळते. हाताशी असेल त्या सामानातून दुरुस्ती करणे आणि जमल्यास भागच बनवणे, हा त्यावरचा एकच उपाय होता. किर्लोस्करांच्या व्यवसायाची वाट पुढे विक्रीकडून घडणीकडे वळली, तिची पूर्वतयारी या दुकानात झाली. बेळगावातील ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो.

इकडे मुंबईत लक्ष्मणरावांची नोकरी चालू होती. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन उमेदवाराला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. पगाराची शाश्वती संपली होती. व्यवसाय लहान होता आणि कुटुंब मोठे.

न खपणारा नांगर

बेळगावला आल्यावर त्यांनी शेतीच्या अवजारांकडे लक्ष वळवले. सायकल घेणारे मूठभर होते. शेती करणारे लाखो होते. आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. कडबा बारीक कापून घातला तर तो वाया कमी जातो, हे शेतकऱ्याला पटण्यासारखे होते. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. परदेशी नांगर तेव्हा या भागात येऊ लागले होते, पण ते महाग होते आणि त्यांचे सुटे भाग मिळण्याची तीच जुनी अडचण होती.

लोखंडी नांगर करणे हे एक काम आणि तो विकणे हे दुसरे. फाळ मऊ राहिला तर तो मुरमाड जमिनीत झिजतो. फार कडक झाला तर दगडाला लागून तुटतो. ओतकामातील हा मधला बिंदू अनुभवानेच साधावा लागतो. त्याहून अवघड होती ती लोकांची समजूत. लोखंड जमिनीत घातले तर जमीन विषारी होते, पीक येत नाही, अशी धारणा शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत भांडवल अडकून पडले होते. माल तयार, पण गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत अनेक उद्योग बुडतात. लक्ष्मणरावांनी नांगर बंद केला नाही. लाकडी नांगर वरवर रेघ ओढतो, लोखंडी नांगर खोल जातो आणि तणांची मुळे उपटतो, हा फरक एकदा शेतात दिसला की तो पुन्हा सांगावा लागत नव्हता. हळूहळू मागणी वाढली.

व्यवसाय स्थिरावतो आहे असे वाटत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा मागितली. यंत्रे हलवायची कोठे आणि पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न उभा राहिला.

निवडुंगाच्या माळावर

या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधमधील बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचे काम त्यांना ठाऊक झाले होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० च्या मार्चमध्ये किर्लोस्कर मंडळी तेथे पोहोचली. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला ओसाड माळ होता. पाणी नव्हते आणि सापांचा सुळसुळाट होता. एकच गोष्ट जमेची होती. रेल्वे दाराशी होती.

त्या माळावर कारखान्याबरोबर गावही उभे राहिले. रामूअण्णांनी वसाहतीची आणि शेतीची व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली. मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी यांसारखे सहकारी मिळाले. यांतील बहुतेकांकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. माणसाच्या हाताला कोणते काम साधते, हे पाहून लक्ष्मणराव ते काम त्याच्यावर सोपवीत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या राखणदारीवर नेमले आणि त्यांनी तो विश्वास राखला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक होता. बाहेरच्या समाजात या गोष्टीला तेव्हा केवढा विरोध होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दंडकाचे मोल कळते. पुढे कुंडल रोड या स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारा कच्चा माल आटला. ओतकामाला लोखंड मिळेना, भट्टीला कोक मिळेना. युद्धामुळे परदेशी नांगरही येणे थांबले होते. म्हणजे बाजार मोकळा होता, पण माल करायला लोखंड नव्हते. लक्ष्मणरावांनी भट्टीसाठी लाकडी कोळशाचा वापर करून पाहिला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी हात दिला. संस्थानातील किल्ल्यांवर निकामी होऊन पडलेल्या तोफा त्यांनी वितळवण्यासाठी दिल्या. त्या तोफांचे नांगर झाले.

पंप, मोटार आणि आग

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले; पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत गेले. १९२२ मध्ये लक्ष्मणरावांनी थोरले चिरंजीव शंतनुराव आणि पुतणे माधवराव यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत शिकायला पाठवले. माधवराव क्षयाने गेले; शंतनुराव १९२६ मध्ये अभियंता होऊन परतले. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीत पाण्याच्या पंपाची निर्मिती सुरू झाली. शेतकऱ्याला नांगर दिल्यावर विहिरीतले पाणी वर काढण्याचे साधन देणे, ही त्याच विचाराची पुढची पायरी होती.

१९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रांची यंत्रे, म्हणजे लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. १९४६ मध्ये दोन नवे कारखाने उभे राहिले : पुण्याजवळ खडकी येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळुरू येथे विजेच्या मोटारींचा. बेळगावात परदेशी सायकली विकणाऱ्या घराण्याकडून आता देशी मोटार बाजारात येणार होती. दुष्काळी पट्ट्यातल्या विहिरींवर धडधडणारे इंजिन ही पुढच्या पिढीतील महाराष्ट्राच्या खेड्यांची ओळखच झाली.

यानंतरचा प्रसंग मात्र जिव्हारी लागणारा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात दंगली उसळल्या. त्यांत जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली. ज्या वसाहतीत जातिभेदाला जागा नव्हती, ती जातीच्या रागात जळाली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि कारभारातून निवृत्त झालेले होते. निवडुंग तोडून उभारलेले काम डोळ्यांदेखत राख झालेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला. यंत्रे जळाली तरी ती घडवण्याचे ज्ञान माणसांच्या हातात शिल्लक होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आजचे चाक

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून कारखानदारीचा धडा घेणे सोपे आहे. पण त्या आधीचा, दुरुस्तीचा धडा शिरूर-दौंडसारख्या गावांच्या अधिक उपयोगाचा आहे. चाकाच्या हबमध्ये मोटार बसवण्याची कल्पना तशी जुनीच. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांनी अशा सायकलीचे पेटंट १८९५ मध्येच घेतले होते. म्हणजे किर्लोस्कर बंधू बेळगावात सायकली विकत होते, तेव्हा ही रचना कागदावर आलेली होती. आज ती रस्त्यावर आली आहे आणि तिचे चाक बांधण्यात गूढ असे काही नाही.

मोटारीचा हब मोठ्या व्यासाचा असल्याने स्पोक आखूड लागतात. त्यामुळे साध्या सायकलीत तीनदा छेदणारे स्पोक येथे बहुधा एकदाच छेदावे लागतात. अधिक छेद घेतले तर स्पोक रिमपाशी निपलमध्ये वाकून शिरतो आणि तेथेच तुटतो. लांबी अंदाजाने ठरवून चालत नाही. रिमचा आतला व्यास, हबवरील छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास, दोन बाजूंच्या छिद्रांमधील अंतर आणि एकूण छिद्रे ही मापे घेऊन ती काढावी लागते. हवी ती लांबी बाजारात नसेल तर लांब स्पोक कापून त्यावर आटे पाडता येतात. फार जाड स्पोक घातले की चाक मजबूत होते, हा गैरसमज आहे. जाड स्पोक पुरेसा ताणण्याआधीच रिम तडकू शकते आणि सैल राहिलेला स्पोक प्रत्येक फेऱ्यात ढिला-घट्ट होत मानेपाशी थकून तुटतो. म्हणूनच एकामागून एक स्पोक तुटू लागले की सगळेच बदलणे शहाणपणाचे ठरते. उरलेलेही तितकेच थकलेले असतात.

कामाआधी बॅटरी काढून ठेवावी, मोटार उघडू नये आणि ॲक्सलमधून येणारी तार दुमडू देऊ नये. स्पोक भरल्यावर प्रत्येक निपल थोडे-थोडे फिरवत आधी चाकाचा बाजूचा आऊट काढायचा, मग वर-खालचा, आणि शेवटी रिम दोन्ही नटांच्या बरोबर मध्ये येते की नाही हे पाहायचे. शेजारचे स्पोक हाताने दाबून बसवून घ्यायचे. एका बाजूचे स्पोक टिचकीला साधारण सारखा आवाज देऊ लागले की तणाव सारखा झाला असे समजावे. काही दिवस चालवल्यावर चाक पुन्हा एकदा तपासावे लागते. या कामाला लागणारी हत्यारे कोणत्याही जुन्या सायकल दुकानात सापडतील. माप घेण्याची सवय तेवढी नवी आहे.

लक्ष्मणरावांनी ती सवय रेखाटनाच्या फळ्यावर लावून घेतली आणि दुकानात, भट्टीत, माळावर नेली. त्यांच्या काळात परदेशी वस्तू विकून दोन पैसे मिळवणारे दुकानदार अनेक होते. वस्तू उघडून तिचे माप घेणारे थोडे होते. त्या थोड्यांतून महाराष्ट्राचा यंत्रोद्योग घडला.